सही कोणाची?

गेल्या आठवड्यात नातीचा फोन आला. ती यंदा नववीत आहे. भाऊबीज, वाढदिवस, मामाकडून आलेले आणि चित्रकलेच्या स्पर्धेतले असे मिळून तिच्याकडे साडेपाच हजार रुपये जमले आहेत, आणि ते आता बँकेत ठेवायचे असा घरात ठराव झाला आहे. मुलाने आपल्या सवयीप्रमाणे एक तक्ता केला. कोणती बँक किती व्याज देते, किमान शिल्लक किती ठेवावी लागते, एटीएम कार्ड मिळते का, मोबाइलवर खाते दिसते का, असे सगळे रकाने आखून भरले आणि तो तक्ता मलाही पाठवला.

"आजोबा, तुम्ही सांगा, कुठली बँक घेऊ?" नातीने विचारले. ती जणू सायकलच घ्यायला निघाली होती!

मी म्हटले, "दोन दिवस दे. विचार करून सांगतो."

तिला नवल वाटले असणार. साडेपाच हजारांसाठी दोन दिवस विचार कसला? पण लहान मुलांच्या नावाचे खाते म्हटले की मला हिरव्या पुठ्ठ्याचे एक पासबुक आठवते. ते माझे नव्हते. त्या पासबुकाची गोष्ट आज पन्नास वर्षांनी लिहितो आहे. मी इतिहासाचा मास्तर असल्याने आधी थोडा इतिहास येईल, तो गोड मानून घ्यावा.

आपल्याकडे सरकारी बचत बँका सुरू झाल्या त्या १८३३ ते १८३५ च्या दरम्यान, कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या इलाख्यांच्या शहरांत. पुढे १८७० मध्ये त्या जिल्ह्याच्या ठिकाणी आल्या. नंतर १ एप्रिल १८८२ रोजी पोस्टातली बचत बँक सुरू झाली आणि जिथे पत्र जाते तिथे बचतही जाऊ लागली. खेड्यातल्या माणसाने आयुष्यात पाहिलेले पहिले पासबुक बहुधा पोस्टाचेच असायचे.

पण मला यातले खरे रोचक वाटते ते कायद्याचे कलम. इंग्रज सरकारने १८७२ मध्ये करारांचा कायदा केला. त्यात म्हटले की अज्ञान मुलाला करार करता येत नाही. इथे अज्ञान म्हणजे बिनअकलेचा नव्हे, वयाने लहान. आपल्या सातबाऱ्यावर 'अ. पा. क.' असे लिहिलेले तुम्ही पाहिले असेल. अज्ञान पालनकर्ता. तोच हा शब्द. सज्ञान होण्याचे अठरा हे वय १८७५ च्या कायद्याने ठरले. कोर्टाने पालक नेमला असेल तर मात्र एकवीस, आणि ही एकविसाची अट थेट १९९९ मध्ये निघाली.

आता गंमत पाहा. करारांच्या कायद्यानंतर एकाच वर्षाने, १८७३ मध्ये, सरकारी बचत बँकांचा कायदा झाला. त्याच्या दहाव्या कलमात असे आहे की अज्ञान मुलाने स्वतः भरलेली रक्कम त्यालाच परत देता येईल आणि त्याची पावती पुरेशी मानली जाईल. दुसऱ्या कोणी त्याच्या वतीने भरली असेल तर ती पालकाकडे द्यायची, तीही मुलाच्या उपयोगासाठी. म्हणजे ज्याने भरले त्याची सही. विवाहित स्त्रीने ठेवलेली रक्कम तिलाच देण्याची सोयही त्याच कायद्यात होती.

एक कायदा म्हणतो मुलाच्या सहीला किंमत नाही, आणि दुसरा म्हणतो आहे. विसंगती वाटते, पण तशी ती नाही. १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष हा खटला आला. वकिलीच्या विद्यार्थ्यांना तो आजही पाठ असतो. धर्मोदासने अज्ञान असताना घर गहाण ठेवून सावकाराकडून कर्ज घेतले होते. कौन्सिलने तो व्यवहार मुळातूनच रद्दबातल ठरवला. याचा अर्थ मुलाला कोणाच्या देण्यात अडकवता येत नाही. पण त्याच्या मालकीचे काही असूच शकत नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही. बचत खात्यात तर मूल कोणाचे काही देणे लागतच नाही. बँकच त्याचे देणे लागते. म्हणूनच आजही मुलांच्या खात्यात शिल्लक शून्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, असा नियम आहे. तेवढे सांभाळले की मुलाने सही करण्यात धोका उरत नाही.

हे सगळे मला आज माहीत आहे. १९७५ मध्ये माहीत नव्हते.

१९७३ च्या जूनमध्ये मी माणदेशातल्या एका हायस्कुलात लागलो. नुकताच बाहत्तरचा दुष्काळ होऊन गेलेला. गावातल्या बायाबापड्या खडी फोडून आणि नालाबांधाची माती वाहून जगलेल्या. १९ जुलै १९६९ ला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते आणि त्या लाटेत आमच्या बाजाराच्या गावीही बँकेची शाखा आली होती. तोवर बँक ही शहरातल्या पेठेतली गोष्ट. बाजाराच्या दिवशी लोक नुसते आत डोकावून पंखा बघून यायचे. शाळेत आम्ही मुलांना निबंध घातला होता, 'बँक आपल्या दारी'.

शाळेतल्या संचयिकेचे कामही माझ्याकडे होते. ज्यांना हा शब्द आठवत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मुलांनी दहा पैसे, चार आणे आणायचे, मास्तरांनी वहीत मांडायचे, आणि जमलेली रक्कम शाळेच्या नावे पोस्टात भरायची. दर पंधरवड्याला मी पत्र्याचा डबा घेऊन पोस्टात जात असे. पोस्ट शाळेपासून दोनशे पावलांवर होते. ही दोनशे पावले लक्षात ठेवा.

१९७५ च्या पावसाळ्यात एक बाई शाळेत आल्या. त्यांची मुलगी माझ्या नववीच्या वर्गात होती. त्या मुलीचे नाव इथे लिहीत नाही. हुशार होती, अक्षर मोत्यासारखे, आणि डी.एड. करून शिक्षिका व्हायचे हे तिने सातवीतच ठरवले होते. वडील मुंबईला असत आणि घरी काही पाठवत नसत. तिकडे त्यांनी दुसरे बिऱ्हाड केले आहे असे गाव म्हणे. बाईंनी दुष्काळी कामावरून आणि नंतर शेतमजुरीतून तीनशे दहा रुपये साठवले होते. फडक्यात बांधून आणले होते.

"सर, पोरीच्या नावानं ठिवायचं हाय," त्या म्हणाल्या. "माझ्या नावानं ठिवलं तर दीर मागत्याल. पोरीचं हाय म्हटलं की कुणी हात लावायचं न्हाई."

मला फार कौतुक वाटले. पुढच्या बाजारच्या दिवशी मी त्या दोघींना घेऊन बँकेत गेलो. तिथल्या साहेबांनी बसायला खुर्च्या दिल्या, फॉर्म काढला आणि विचारले, "वडील कुठे आहेत?" अज्ञान मुलीचे खाते, म्हणजे नैसर्गिक पालकाची सही हवी. आई चालणार नाही. ते उद्धट बोलले नाहीत. त्यांनी कायदा सांगितला.

आणि कायदा खरेच तसा होता. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या सहाव्या कलमात लिहिले आहे की मुलाचा आणि अविवाहित मुलीचा नैसर्गिक पालक वडील, आणि त्यांच्यानंतर आई. 'नंतर' म्हणजे कधी? सगळ्यांनी धरून चालले की वडील वारल्यानंतर. मुंबईला निघून गेलेला बाप जिवंत होता, म्हणजे पालक तोच.

बाई म्हणाल्या, "मग राहू द्या." इथे मी थांबायला हवे होते. मी पंचवीस वर्षांचा होतो, बी.ए. बी.एड. होतो, आणि कायदा म्हणजे कायदा असे वर्गात शिकवत होतो. मी म्हटले, "अहो, सहीच तर हवी आहे. मी पत्र लिहितो." आणि लिहिले. छान अक्षरात, वडिलांच्या कर्तव्याची आठवण करून देणारे पत्र. त्याचा मला तेव्हा अभिमानसुद्धा वाटला.

दिवाळीला गृहस्थ आले. सही केली. खाते उघडले. मुलीचे नाव वर, आणि खाली 'पालक' म्हणून त्यांचे. मुलीने सहीचा सराव करून ठेवला होता, पण नमुना सहीच्या कार्डावर तिची सही नको होती. पासबुक तिच्या हातात दिले. हिरव्या पुठ्ठ्याचे.

पुढच्या मे महिन्यात जत्रेला ते गृहस्थ पुन्हा आले होते. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा बाई पासबुक घेऊन वर्गाच्या दारात उभ्या. वीस रुपये भरायला बँकेत गेल्या होत्या, तिथे पासबुकात नोंद करून दिली होती.

"सर, हितं काय लिवलंय?"

मी वाचले. तीनशे पाच रुपये काढले. शिल्लक पाच रुपये.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पासबुक पदराखाली घेऊन निघून गेल्या. रागावल्या असत्या तर मला बरे वाटले असते.

बँकेने चूक केली नव्हती. पालकाची सही, पालकाला पैसे. मुलाची जमीन किंवा घर विकायचे तर पालकाला कोर्टाची परवानगी घ्यावी लागते, बँकेतल्या रोख रकमेला तशी काही आडकाठी नसते. ज्याच्या हाती सही त्याच्या हाती पैसा, आणि ती सही मी पत्र लिहून बोलावून आणली होती.

मुलगी १९७७ मध्ये दहावी पास झाली, चांगल्या गुणांनी. डी.एड. ला गेली नाही. १९७८ च्या उन्हाळ्यात तिचे लग्न झाले. तीनशे रुपयांनी ती शिक्षिका झालीच असती असे मी म्हणणार नाही. गरिबीत एकच दार बंद नसते. पण त्यातले एक दार बंद करायला माझा हात लागला, हे मी विसरू शकलो नाही.

पुढचा इतिहास मी मग शोधून शोधून वाचला. २९ डिसेंबर १९७६ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून आईला पालक धरून मुलांची बचत आणि मुदत खाती उघडायला बँकांना परवानगी दिली. म्हणजे त्या मे महिन्यानंतर अवघ्या सात महिन्यांनी! १९८९ मध्ये त्यात आवर्ती ठेवही आली.

पण परिपत्रक निघणे वेगळे आणि मन बदलणे वेगळे. १९८४ मध्ये लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रिलीफ बाँड घेण्यासाठी आई म्हणून सही करून अर्ज दिला. नवरा-बायकोचे एकमत होते, भांडण नव्हते. तरी रिझर्व्ह बँकेने अर्ज परत केला. वडिलांची सही आणा, नाहीतर तुम्ही पालक असल्याचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला आणा. आठ वर्षांपूर्वी बचत खात्यासाठी आईला मानणारी हीच बँक! प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १७ फेब्रुवारी १९९९ ला निकाल लागला. न्यायालयाने कलम रद्द केले नाही, त्यातल्या एका शब्दाचा अर्थ लावला. वडिलांच्या 'नंतर' याचा अर्थ त्यांच्या मृत्यूनंतर एवढाच नाही, तर त्यांच्या अनुपस्थितीतही. वडील मुलाकडे लक्ष देत नसतील, दूर असतील, किंवा दोघांचे तसे ठरले असेल, तर आई हयात वडिलांच्या काळातही नैसर्गिक पालक.

त्या निकालाची बातमी मी घरी मोठ्याने वाचून दाखवली. सौ. भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "म्हणजे आजवर मी कोण होते?"

मला उत्तर सुचले नाही. शब्द एकच, 'नंतर'. त्याचा अर्थ लावायला त्रेचाळीस वर्षे लागली.

२००३ मध्ये एका लग्नाला जाताना एस.टी. स्टँडवर ती माझी विद्यार्थिनी भेटली. चाळिशी ओलांडलेली, पण हसणे तेच. वाकून नमस्कार केला. बोलता बोलता मी धीर करून त्या पासबुकाचा विषय काढला आणि मला इतकी वर्षे काय वाटते ते सांगितले.

"त्याचं काय घेऊन बसलात सर," ती म्हणाली. "पासबुक अजून हाय माझ्याकडं. माझं नाव त्याच्यावर हाय ना!" मग सहज म्हणाली, "माझ्या दोन्ही पोरींची खाती मी पोस्टात काढली. दहा वर्षांच्या झाल्या तशी. त्यांच्याच सहीनं. त्यांच्या बापाची न्हाई, माझीबी न्हाई."

मी विचारले, "हे तुला कोणी सांगितले?"

"पोस्टमननं."

ती एस.टी. त बसून गेली आणि मी स्टँडवर उभाच राहिलो. दर पंधरवड्याला डबा घेऊन मी ज्या खिडकीशी जात होतो, ती खिडकी. दोनशे पावले. मुलाने स्वतः भरलेले पैसे मुलालाच द्यायचा १८७३ चा कायदा त्या खिडकीमागे होता. मी संचयिकेची रक्कम भरली, पावती घेतली, आणि एकदाही विचारले नाही की एखाद्या मुलीला स्वतःच्या नावाने खाते काढायचे असेल तर काय करावे लागते? ज्याला इतिहास शिकवायचा होता त्याने चौकशी केली नाही. पोस्टमनला ठाऊक होते.

असो. बँकाही पुढे त्याच वाटेवर आल्या. ६ मे २०१४ रोजी रिझर्व्ह बँकेने दहा वर्षांवरील मुलांना बचत खाते स्वतः उघडायला आणि चालवायला परवानगी दिली. २१ एप्रिल २०२५ च्या परिपत्रकाने हे सगळे नियम एकत्र केले. दहा वर्षांच्या पुढच्या मुलांना स्वतःचे खाते, पण किती रकमेपर्यंत आणि कोणत्या अटींवर ते प्रत्येक बँकेने ठरवायचे. कोणत्याही वयाच्या मुलाचे खाते पालकामार्फत काढता येते, आणि पालक म्हणून आई चालते. १८७३ ला पोस्टाच्या बाजूने जे लिहिले गेले ते बँकेच्या काउंटरवर पोचायला एकशे एकेचाळीस वर्षे लागली.

दोन दिवसांनी मी नातीला फोन केला. तिला म्हटले, बाबांचा तक्ता चांगला आहे, पण त्यातला व्याजाचा रकाना सर्वांत आधी आहे, तो खाली घे. साडेपाच हजारांवर अडीच टक्के आणि चार टक्के यांतला फरक वर्षाला साधारण ऐंशी रुपये. तेवढ्यासाठी लांबची बँक धरू नकोस. किमान शिल्लक मात्र बघ, कारण ती मोडली आणि दंड बसला तर व्याज त्यातच जाते. ठेवीला विमा आहे का ते विचार. २०२० पासून एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत तो असतो, तुझ्या रकमेला पुरून उरतो.

आणि तक्त्यात तीन नवे रकाने घाल. पहिला, खाते उघडताना सही कोणाची? दुसरा, पैसे काढताना सही कोणाची, आणि काढल्याचा संदेश कोणाच्या मोबाइलवर येतो? तिसरा, अठरा पूर्ण झाल्यावर काय? तेव्हा नव्याने नमुना सही आणि कागदपत्रे द्यावी लागतात. ते लक्षात ठेवणे तुझे काम, बाबांचे नाही.

"पण आजोबा, मी सगळे पैसे उडवले तर?"

"उडव की. तुझे आहेत. मग शिल्लक बघून वाईट वाटेल, आणि तेही तुझेच असेल."

तिचे आईवडील भले आहेत. त्यांच्या सहीने खाते काढले असते तरी एक रुपया इकडचा तिकडे झाला नसता. पण नियम भल्या घरांकडे बघून पारखायचे नसतात. नियमाचे खरे रूप कळते ते ज्या घरात सही करणारा माणूस भला नसतो तिथे. हे मला एका हिरव्या पासबुकाने शिकवले.

काल तिने मला फोटो पाठवला. फॉर्म भरला आहे आणि शेजारी रफ वहीच्या पानावर सहीचा सराव आहे. वीस-बावीस सह्या, एकीसारखी दुसरी नाही. खाली विचारले आहे, "यातली कुठली?"

मी लिहिले, "जी तुला उद्याही तशीच करता येईल ती."